चाळीसात चाळीस

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या भिंती दीड फुटी आहेत. दगड, वीट आणि चुना. मागच्या पडवीला लागून न्हाणीघर आहे आणि त्यात बेसिन आलं ते १९७६ साली, माझ्या सासऱ्यांनी हौसेनं बसवून घेतलं. त्याआधी सगळे मोरीवर बसून दात घासायचे, असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात. आम्ही पुण्याहून इथं कायमचे राहायला आलो २०२१ मध्ये. तेव्हापासून मी त्या बेसिनखाली श्रीखंडाचा एक रिकामा डबा बघत होते. सकाळ-संध्याकाळ तो ओतायचा आणि परत जागेवर ठेवायचा. घरातल्या प्रत्येकाला ते काम इतकं सवयीचं झालं होतं की त्याला गळती म्हणायचंही कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

२०२३ च्या दिवाळीची साफसफाई करताना मी न्हाणीघराच्या दाराची सागवानी चौकट पुसत होते. खाली फरशीजवळ फडकं नेलं तर लाकूड बोटाला मऊ लागलं. एक खिळा घेऊन टोचला. पेरभर आत गेला, तेही जोर न लावता. शंभराहून जास्त वर्षांचा साग, आणि त्यात खिळा असा शिरतो आहे हे बघून माझ्या पोटात गोळा आला. चौकटीच्या शेजारीच बेसिनची भिंत. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा, म्हणजे ओलीनं फुलणारा क्षार, लागलेला, रंगाचे पापुद्रे सुटलेले, हात फिरवला की पांढरी भुकटी. डब्यात पडणारं पाणी आम्ही ओतून टाकत होतो, पण डब्यात न पडणारं पाणी कुठं जात होतं ते त्या दिवशी दिसलं.

दिवाळी झाली आणि पहिल्याच रविवारी मी बेसिनखाली पाठीवर आडवी झाले. मुलगी नववीत आहे, ती टॉर्च धरून बसली.

वर पितळी वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या भोकातून खाली उतरणारी आखूड नळी, त्याचा मुलामा उडालेला. कपलिंगच्या आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारख्या खाचांवर, राखाडी रंगाचा घड्याघड्यांचा वेस्ट पाईप, जो ताणला की लांब होतो. २०१४ मध्ये तो लावल्याचं आईंना आठवत होतं. त्याला मध्ये एक वळसा देऊन तो तारेनं बांधून ठेवला होता, म्हणजे वळशात पाणी राहावं आणि वास वर येऊ नये. त्याचं खालचं टोक एका पांढऱ्या पीव्हीसी पाईपात नुसतं खुपसलेलं, वर चिंधी, चिंधीवर एम-सील. हा पांढरा तुकडा १९९८ चा, माझ्या चुलत सासऱ्यांनी बसवलेला. त्याला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आणि एल्बोपासून पुढचा आडवा तुकडा भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी पाईपाच्या तोंडात शिरलेला. तो लोखंडी जीआय पाईप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, मात्र १९७६ चा, मूळचा. त्या शेवटच्या सांध्यावर एम-सीलचे इतके थर होते की तिथं एखादं वारूळ असावं तसं दिसत होतं.

एम-सील छिन्नीनं हलकेच फोडलं. आत सुतळी, सुतळीच्या आत आणखी जुना राखाडी थर. सगळं निघाल्यावर पांढरा पाईप मी हातानं हलवला, तर तो लोखंडी तोंडात खुळखुळत होता. पांढऱ्या पाईपावर छापलेलं स्पष्ट वाचता येत होतं: ४० मिमी. आणि लोखंडी पाईप दीड इंची, म्हणजे तोही चाळीसचा. चाळीसला चाळीस जुळवला होता, आणि तरीही मध्ये फट होती.

मी ज्युनियर कॉलेजमध्ये फिजिक्स शिकवते. अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही मुलांच्या हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती मोजपट्टी, देतो. दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन एक व्हर्नियर घरी आणला आणि बेसिनखालच्या एकेका वस्तूचं माप घेतलं. मुलगी वहीत लिहीत होती. लोखंडी पाईप बाहेरून ४८.३ मिमी. आतून, गंज खरवडल्यावर, साधारण ४२. पांढरा पीव्हीसी बाहेरून बरोबर ४०. म्हणजे ४२ च्या भोकात ४० ची नळी. दोन मिलिमीटरची मोकळीक सुतळीनं भरून काढलेली. गंमत म्हणजे ज्या कपलिंगला दुकानात सव्वा इंची किंवा ३२ चं म्हणतात, त्याच्या आट्यांचं बाहेरचं माप भरलं ४२ ला किंचित कमी. वहीत आठ-नऊ आकडे झाले, आणि ज्या नावानं वस्तू विकत मिळते त्या नावाचा आकडा फक्त एकाच ठिकाणी सापडला, पीव्हीसीच्या बाहेरच्या व्यासात.

याचं कारण साधं आहे, पण ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लोखंडी पाईपाचं नाव आतल्या पोकळीवरून पडलं आहे, तेही ढोबळ. पीव्हीसीच्या निचऱ्याच्या आणि शेतीच्या पाईपाचं नाव बाहेरच्या व्यासावरून. म्हणून लोखंडातला ४० बाहेरून ४८.३ असतो आणि प्लास्टिकमधला ४० बाहेरून ४०. माझ्या चुलत सासऱ्यांनी आकडा बघून पाईप आणला होता. कुठल्याही विचारी माणसानं तेच केलं असतं.

मापांची वही घेऊन मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. म्हटलं, दीड इंची पाईप हवा. दुकानातले काका वर न बघताच म्हणाले, "कुठला दीड? शेतीतला का प्लंबिंगचा?"

"काका, दोन्हीत फरक काय?"

त्यांनी दोन तुकडे काउंटरवर ठेवले. शेतकरी ज्याला दीड इंची म्हणतात तो ५० मिमीचा. ६३ ला दोन इंची म्हणतात, ७५ ला अडीच, ९० ला तीन, ११० ला चार. हे सगळे बाहेरचे व्यास. पण घरातल्या नळाच्या कामाचा जाड यूपीव्हीसी येतो, इंचाच्या मापाचा, त्याचा दीड इंची मात्र लोखंडी पाईपाच्याच बाहेरच्या व्यासाचा, ४८.३. दोन्ही पाईप पांढरे, दोन्ही दीड इंची, आणि फरक पावणेदोन मिलिमीटरचा. एकाचा कपलर, म्हणजे दोन पाईप जोडणारा तुकडा, दुसऱ्यावर घातला की डोळ्यांना बसल्यासारखा वाटतो. सॉल्व्हंट सिमेंट लावलं की चिकटल्यासारखाही वाटतो. "आणि सहा महिन्यांनी माणूस परत येतो," काका म्हणाले. पाईपचा तुकडा हातात घेतल्याशिवाय ते कुणाला फिटिंग देत नाहीत, हे मला फार आवडलं. तेव्हापासून मी दुकानात जाताना जुना तुकडाच पिशवीत टाकून नेते.

त्यांनी सुचवलं ते असं: लोखंडी पाईपाच्या टोकाला आटे असतील तर त्यांवर आतून आटे असलेला अडॅप्टर फिरवायचा आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचा पाईप चिकटवायचा. अडॅप्टरच दोन जगांना जोडतो. एक नळी दुसरीत खुपसून काही होत नाही.

घरी येऊन तारेच्या ब्रशनं लोखंडी टोक घासलं. आटे होते! पन्नास वर्षांच्या गंजाखाली, चपटे झालेले, पण होते. टेफ्लॉन टेप गुंडाळली, अडॅप्टर हातानं फिरवला, मग पाईप पान्यानं आवळला. थोडं आणखी आवळावंसं वाटलं आणि कट्ट आवाज आला. अडॅप्टरला उभी चीर. लोखंडी आटे टोकाकडे निमुळते असतात, पुढं जाईल तसे जाड होत जातात. बाहेर प्लास्टिक आणि आत लोखंड असेल तर पान्याचा प्रत्येक फेरा पाचर ठोकल्यासारखा प्लास्टिकला फाकवतो. दुसरा अडॅप्टर आणला तो पितळी आट्यांचा. टेप घड्याळाच्या दिशेनं दहा वेढे, हातानं घट्ट, मग पान्यानं अर्धा फेरा, बस. वरून पाणी सोडलं. सांधा कोरडा.

आम्ही दोघींनी त्या रात्री डबा उचलून ठेवला. सकाळी फरशी कोरडी होती. आठवडाभर कोरडी होती. आणि तरी भिंत ओलीच. लोणा झाडला तरी पांढरी भुकटी दोन दिवसांत परत फुलायची. चौकटीचा पाय तसाच गार.

आईंनी तेव्हा एक सोपी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, पाण्याला रंग दे ना. पूर्वी विहिरीच्या पाटाला कुठं भगदाड पडलं ते बघायला गेरू सोडायचे." गेरूनं पाईप तुंबेल म्हणून मी कपड्यांची नीळ घेतली. बेसिनमध्ये बूच लावून काठोकाठ पाणी भरलं, त्यात गडद होईपर्यंत नीळ ढवळली आणि बूच काढलं. असं चार वेळा केलं. बेसिनखाली कागद अंथरला होता, त्याच्यावर एक थेंब नाही. बाहेर गली ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीच्या खड्ड्यात, निळं पाणी पडलं. मग आम्ही चहा घेतला.

दोन तासांनी मुलगी ओरडली, "आई, भिंत बघ!" लोखंडी पाईप जिथं भिंतीत शिरतो त्याच्या चार बोटं खाली, पापुद्रे सुटलेल्या गिलाव्यावर, एक फिकट निळा डाग उमटला होता. नखाएवढा. संध्याकाळपर्यंत तो तळहाताएवढा झाला आणि खालच्या बाजूला चौकटीकडे ओघळला. सांधा तर कोरडा होता. पाणी भिंतीच्या पोटात गळत होतं.

मी डाग बघत कितीतरी वेळ बसून राहिले. आतापर्यंत आम्ही सगळ्यांनी, माझ्या चुलत सासऱ्यांनी, २०१४ च्या माणसानं आणि आता मी, जे डोळ्यांना दिसत होतं तेवढंच दुरुस्त केलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर प्लंबर मिस्त्री राहतात. आता फार काम घेत नाहीत. मी त्यांना मामा म्हणते, ते मला बाई म्हणतात, कारण त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी निळा डाग बघितला, बाहेरच्या अंगणात जाऊन भिंतीतून निघालेलं पाईपाचं दुसरं टोक बघितलं, आणि खिशातून एक लहानशी पाणसळ काढून आतल्या टोकावर ठेवली. बुडबुडा बाहेरच्या बाजूला सरकला.

"बघा बाई," ते म्हणाले, "पानी भाईर जायाच्या ऐवजी आतच थांबतंय. पाईप आत झुकलाय."

बाहेरचं टोक आतल्यापेक्षा उंच होतं. फार नाही, पण दीड फूट लांबीच्या तळाशी कायम पाणी साचून राहायला तेवढं पुरतं. मामांनी आणखी एक प्रश्न विचारला, "वास येतो म्हणून ॲसिड वतत व्हता काय?"

ओतत होतो. दर महिन्याला. बाथरूम ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, आणि जीआय पाईपाचा जीव त्याच्या जस्ताच्या पातळ मुलाम्यात. ॲसिडमध्ये जस्त विरघळतं हा प्रयोग मी दरवर्षी मुलांना करून दाखवते, परीक्षानळीत बुडबुडे येतात, मुलं पेटती काडी धरतात, पॉप असा आवाज होतो. तोच प्रयोग माझ्या घरात भिंतीच्या आत चालला होता. पाईपाच्या तळाशी साचलेल्या पाण्यात ॲसिड थांबायचं, आधी जस्त गेलं, मग लोखंड. आणि जे भिंतीत झिरपलं त्यानं चुना खाल्ला.

"तर मग मामा, आता?"

"त्यो पाईप भितीतनं काढल्याबिगर खरं न्हाय. चांगलं जिथनं सुरू हुतंय तिथनं धरायचं. मधी कितीबी जोडा, मधीच गळनार."

मला भीती होती ती भिंतीची. चुन्यातली भिंत, वर माळा. हातोडा-छिन्नी लावली तर दगड हलतील असं वाटत होतं. मामा म्हणाले, ठोकायचं नाही, फिरवायचं. बाहेरच्या बाजूचा लोखंडी एल्बो हॅक्सॉ ब्लेडनं कापला. त्याला अर्धा तास लागला, मी आणि ते आळीपाळीनं. मग आतून पाईप पाना लावून पाईप एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, जरा जरा फिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला हलेना. मग करकर आवाज आला, आणि एकदम सैल झाला. मामांनी बाहेरून ढकलला, मी आतून ओढला, आणि ओला, जड, गंजाच्या चिखलानं माखलेला तो पाईप माझ्या मांडीवर आला.

अंगणात नेऊन धुतला. वरची बाजू जवळजवळ धड होती, एका ठिकाणी तर जस्ताची फुलंही दिसत होती. उलटा केला. तळाला वीतभर लांबीची फट. कडा कागदासारख्या पातळ, बोट लावलं की तुकडा निघत होता. मुलीनं त्यात पेन्सिल घातली, ती आरपार गेली. भिंतीतल्या भोकातून मी हात घालून चुना काढला. तो ओल्या रव्यासारखा मुठीत येत होता, आणि निळा होता.

तो पाईप मी टाकलेला नाही. मधोमध उभा कापून कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवला आहे. क्षरणाचा धडा शिकवताना आता मला चित्र काढावं लागत नाही.

भोक आम्ही तीन आठवडे तसंच उघडं ठेवलं. बेसिन बंद. सगळ्यांनी मोरीवर दात घासले, आईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. भोकातून वारा जात होता आणि आतला चुना हळूहळू सुकत होता. पहिल्या आठवड्यात भोकाच्या कडेला हात लावला की थंड लागायचं, तिसऱ्या आठवड्यात नुसती खरखर.

मग नवीन काम. आधी भिंतीत ७५ मिमीच्या पाईपाचा एक तुकडा आरपार बसवला, नुसता म्यान म्हणून. त्याच्या आतून ५० मिमीचा निचऱ्याचा पाईप. यानं दोन गोष्टी साधतात. पाईप भिंतीला चिकटत नाही, पुढं कधी काढायचा झाला तर ओढला की निघतो. आणि म्यानात जागा असल्यामुळे उतार हवा तसा देता येतो. मामांच्या हाताला उतार कळतो, मला मोजावा लागतो. चाळीसला एक हे प्रमाण धरलं. एक फुटी पाणसळीच्या उताराकडच्या टोकाखाली साडेसात मिमीची लाकडी पट्टी चिकटवली. पट्टीसकट पाणसळ पाईपावर ठेवायची, बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. ६० सेंटिमीटरच्या पाईपाला दीड सेंटिमीटर उतार झाला. उतार फार तीव्रही नको, पाणी पुढं पळतं आणि साबणाचा गाळ मागं राहतो.

म्यानाभोवतीची पोकळी सिमेंटनं भरायला मी नको म्हटलं. सिमेंट कडक आणि घट्ट, त्यातून भिंतीची ओल बाहेर येऊ शकत नाही, मग ती वाट काढत शेजारच्या चुन्याला आणि लाकडाला खाते. आमच्या पुढच्या ओसरीवर १९९० च्या सुमाराला सिमेंटचा गिलावा झाला आहे आणि त्याच्या वरच्या कडेला बरोबर ओळीनं लोणा लागतो. आईंना आठवत होतं की त्यांच्या माहेरी घर बांधताना अंगणात चुन्याची घाणी होती, बैल गोल फिरायचा आणि दगडी चाकाखाली चुना-वाळू मळली जायची. आम्हाला तेवढं नको होतं. विझवलेला चुना आठ दिवस पाण्याखाली मुरवला, एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू. थोडा थोडा दाबत भरला, दर थर दुसऱ्या दिवशी. वाळायला वेळ घेतो, आणि तो द्यावा लागतो.

बाहेरच्या बाजूला नव्वद अंशांचा एक एल्बो टाकायच्या ऐवजी पंचेचाळीसचे दोन बेंड घेतले, म्हणजे वळण सावकाश होतं. हा सांधा चिकटवला नाही. रबरी रिंगचा आहे, रिंगला साबणाचं पाणी लावून पाईप आत दाबायचा. कधी तुंबलं तर हातानं ओढून काढता येतो. पाईपाचं टोक गली ट्रॅपच्या जाळीखाली पण पाण्याच्या वर सोडलं.

बेसिनच्या बाजूला आणखी एक चूक निघाली, ती मात्र आम्हा कुणाच्या मनातही नव्हती. आमच्या बेसिनला वर ओव्हरफ्लोचं भोक आहे. त्यातून आत गेलेलं पाणी चिनी मातीच्या पोटातून खाली कपलिंगपाशी येतं, आणि कपलिंगच्या अंगाला खिडक्या असतील तरच त्यात शिरतं. अशा कपलिंगला दुकानात हाफ थ्रेड म्हणतात. आमच्याकडे होतं फुल थ्रेड, सरळ, बिनखिडकीचं, जे ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनचं. म्हणजे ते पाणी तिथंच साचायचं, कुजायचं, आणि आट्यांवरून थेंब थेंब उतरायचं. ज्या वासासाठी आम्ही ॲसिड ओतत होतो तो बराचसा इथून येत होता. कपलिंग काढल्यावर आत जे काळं निघालं ते लिहीत नाही. हाफ थ्रेड बसवलं, खालच्या रबरी वॉशरला हलकं सिलिकॉन.

तारेनं बांधलेल्या वळशाच्या जागी बॉटल ट्रॅप घेतला, म्हणजे तळाशी पाणी धरून ठेवणारी बाटलीसारखी जोडणी. दुकानात तीन प्रकारचे होते. मी पट्टी घालून तिन्हींच्या आतल्या नळीचं टोक पाण्यात किती बुडतं ते मोजलं, कारण वास आणि झुरळं अडवतं ते तेवढंच पाणी. दोन उथळ होते, तिसऱ्यात पाच सेंटिमीटर भरलं, तोच घेतला. मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस कोकणात जातो तेव्हा उथळ ट्रॅप सुकून जाईल ही माझी काळजी. बॉटल ट्रॅपच्या नटांवर टेफ्लॉन लावायचं नसतं हे मला मामांनी शिकवलं. तिथं पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतं. वॉशर निमुळता असतो, त्याची निमुळती बाजू ट्रॅपकडे आणि सपाट बाजू नटाकडे. उलटा बसला तर कितीही आवळा, पाझरतोच. नट हातानं घट्ट, मग पान्यानं पाव फेरा. ट्रॅपची ३२ ची नळी भिंतीतल्या ५० च्या पाईपात शिरते तिथं त्या दोन मापांसाठीच बनवलेली रबरी कॉलर. नळी दाबताना तिचा ओठ नळीला घट्ट धरतो ते बोटांना जाणवतं. तिथं सुतळी नाही, चिंधी नाही, एम-सील नाही.

परत नीळ. काठोकाठ बेसिन, बूच काढलं, मुलगी प्रत्येक सांध्यावर वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा फिरवत होती. कागदाला थेंबभर ओल लागली तरी शाई गडद दिसते. ओव्हरफ्लोच्या भोकातही मुद्दाम तांब्यानं पाणी घातलं. सगळे तुकडे कोरडे. गली ट्रॅपमध्ये पाणी धडधडत गेलं, आधी ते कुरकुरत जायचं.

ट्रॅपच्या वर, बेसिनच्या पोटाला, मी पक्क्या मार्करनं लिहून ठेवलं आहे: भिंतीत ५० मिमी, बाहेरचा व्यास, म्यान ७५, कपलिंग हाफ थ्रेड, ॲसिड ओतू नये. खाली तारीख, २३ डिसेंबर २०२३.

सुतारानं चौकटीचा खालचा वीतभर भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधून दिला. भिंतीचा सुटलेला गिलावा मी ब्रशनं झाडून घेतला आणि नवा लावला नाही. मामा म्हणाले, आधी सुकू द्या. ओलीच्या कडेनं खडूनं रेघ ओढली आणि रेघेवर तारीख घातली, मग दर पंधरा दिवसांनी नवी रेघ. जानेवारीची रेघ डिसेंबरच्या रेघेच्या दोन बोटं आत आहे, फेब्रुवारीची त्याच्या चार बोटं आत. सगळ्यांत आतली रेघ १७ मार्चची. तिच्या आत, फरशीला लागून, अजून तळहाताएवढी ओल आहे.